न विचारलेले डोहाळे

आखाडा बाळापुरात त्या काळी वाचता येणारी बाई एकच होती, द्वारकाबाई. पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात, उमरखेडच्या बाजूला तिचं माहेर. बाप शाळामास्तर. त्यानं पोरीला अक्षरं शिकवली आणि लग्नात पेटीमध्ये लुगड्यांच्या खाली एक जुनी कादंबरी घालून दिली. कादंबरीचा पुठ्ठा आणि सुरुवातीची पानं कधीच गेली होती, त्यामुळं तिचं नाव खुद्द मास्तरांनाही सांगता येत नसे. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं पेटी उघडली, लुगडी उलथीपालथी केली, पुस्तक उलटं धरून न्याहाळलं आणि पोथी समजून दोन्ही हातांनी परत ठेवलं. निजामाच्या राज्यात त्या कादंबरीचा प्रवेश असा मानानं झाला.

कादंबरीतल्या नायिकेचं नाव अंबू. एका इनामदाराची ती सून. दरसाल वैशाखात, शेवयांच्या दिवसांत, द्वारकेच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमत. त्यांनी शेवया वळायच्या, खाटेवर वाळत घालायच्या आणि द्वारकेनं अंबूची कहाणी वाचायची. ऐकणाऱ्या बायका मोठ्या खट होत्या. कादंबरीत इनामदार तलवार उपसून उभा राहिला तरी त्यांच्या हातातली शेवई हलत नसे. पण अंबू सासरच्या उंबऱ्यात आली की कुणीतरी विचारणारच, "पाय धुवायला पाणी कोणं दिलं?"

लेखकानं जाता जाता लिहिलेलं असे की मोलकरणीनं दिलं.

"मंग नणंदेला लगीन पसंत न्हाई," बायका ठरवून टाकत, आणि कितीतरी पानांनंतर नणंद खरोखरच उलटे. एका पाहुण्याला लेखकानं पंचपक्वान्नं वाढली होती, पण जेवणानंतर विड्याचं तबक पुढं आलं नव्हतं. बायका म्हणाल्या, "त्याला उठवून लावला की!" पुढं त्या पाहुण्यानं सूड का घेतला हे कोडं द्वारकेला बापाजवळ वाचताना कधी सुटलं नव्हतं. इथं ते चुटकीसरशी सुटलं. आता या बायकांना सगळंच कळत होतं असंही नाही. इनामदाराच्या पलंगाला मच्छरदाणी कशाला लागते यावरून त्यांनी एक अख्खी दुपार भांडून काढली होती. तरी द्वारकेला त्यांच्यात बसून वाचायला फार आवडे. लेखकानं एका शब्दात टाकून दिलेलं त्या उचलून घेत आणि अंबूचं घर माणसांनी भरून जाई.

फक्त एका ओळीशी सगळ्या गप्प होत. ती ओळ अशी होती: अंबूला दिवस गेले तेव्हा सासूबाई काही न विचारता रोज पानावर नवं काहीतरी आणून ठेवीत आणि अंबू ते खाई. मास्तरांनी पोरीला सांगितलं होतं, "बघ, याला माया म्हणतात. विचारावंसुद्धा लागत नाही." म्हणून द्वारका ती ओळ सावकाश, जीव ओतून वाचायची. त्या वेळी कुणी प्रश्न विचारत नसे. दाराशी बसलेली तिची सासू पार्वतीबाई पदरानं डोळे टिपायची. आपल्या वाचनानं बायकांची मनं भरून येतात, असं द्वारकेला वाटे, आणि खरं सांगायचं तर ती त्यावर थोडी फुशारतही असे.

लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर द्वारकेला दिवस राहिले. पार्वतीबाईला आभाळ ठेंगणं झालं. ती कोवळी चिंच घेऊन आली. मग बंजारा तांड्यावरच्या जिवनबाईकडून रानातली टेंभुरं मागवली. मग एका दुपारी नव्या मडक्याची भाजलेली खापरी पदराआडून आणून द्वारकेच्या ताटात ठेवली. बायका म्हणाल्या, सासू असावी तर अशी. द्वारकेला चिंच कधी आवडली नव्हती, पण म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा म्हणून ती खाई. खापरी तर पहिल्यांदा दातांखाली कचकचली तेव्हा तिला ओकारीच आली. नंतर नंतर मात्र खापरी मिळाली नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. जेवताना तिची जीभ आपोआप टाळूवर तो मातीचा वास शोधायची. याचं तिला स्वतःलाच नवल वाटे.

तिचं मन मात्र एकाच गोष्टीवर होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. सातव्यात भाऊ गाडी घेऊन न्यायला आला. पार्वतीबाईनं त्याला पोटभर जेवू घातलं, टॉवेल-टोपी दिली आणि रिकामी गाडी परत पाठवली. कारण काही सांगितलं नाही. नवरा माणिकराव मान खाली घालून बैलांना पेंड चारत राहिला. तसाही तो बोलका कधीच नव्हता. बायकोला दिवस गेल्यापासून तर तो शेतावरच झोपे, आणि घरी आला तरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. त्या दिवसापासून द्वारका दुपारची कामं आटोपली की वेशीपर्यंत जाऊन उभी राहू लागली. तिथून पैनगंगेकडं जाणारी वाट दिसायची. तिला पाहून वेशीतल्या म्हाताऱ्या बायका आपलं बोलणं थांबवत आणि एकमेकींकडं बघत.

त्या वैशाखात ओसरीवर एक नवी बाई आली होती. मनकर्णा तिचं नाव. ती वारंग्याकडची, नवरा वारल्यावर नुकतीच बाळापुरात भावाकडं राहायला आलेली. तोंडानं फटकळ, हातानं चलाख. द्वारका त्या ओळीपाशी आली आणि नेहमीसारखी सावकाश वाचू लागली. बायका गप्प झाल्या. मनकर्णाला गप्प बसायचं काही कारण ठाऊक नव्हतं.

"म्हंजे ही अंबू दुसरेपणाची हाये व्हय?" ती म्हणाली.

"काहून?" द्वारकेनं हसून विचारलं. "असं कुठं लिहिलंय?"

"लिव्हायला कशाला पायजे? पहिलटकरणीला इचारत्यात, बाई. कोणाला आंबट लागतं, कोणाला माती. ज्याचे त्याचे डोहाळे. न इचारता आणून राहिली म्हंजे तिला म्हाईत हाये. ती मेलेल्या सुनेचे डोहाळे पुरवून राहिली, हिच्या तोंडानं."

एवढं बोलून मनकर्णा पुढची शेवई ओढू लागली. बाकी सगळ्यांचे हात थांबले होते. कुणी मनकर्णाला गप्प कर म्हणालं नाही, कुणी हसलंही नाही. मुख्य म्हणजे द्वारकेकडं कुणी बघत नव्हतं. खाटेवर शेवया वाळत होत्या, माळवदावर पारवे घुमत होते. पार्वतीबाई दारातून उठली आणि आत गेली.

द्वारका वाचत राहिली, कारण थांबली असती तर काहीतरी बोलावं लागलं असतं. पण आता तिच्या हातातली कादंबरी वेगळीच झाली होती. अंबूचा नवरा खोलीच्या उंबऱ्याशी थबकतो, त्याला ती इतकी वर्षं निष्ठुर समजत होती. त्याला आत यायची भीती वाटत होती. घरात अंबूला तिच्या नावानं कुणीच हाक मारत नाही. सुईण बोलावण्याआधीच येऊन बसते. नवं लुगडं आधी देवघरात जाऊन येतं आणि मग अंबूला मिळतं. लेखकानं कुठंही एक शब्द उघड लिहिला नव्हता. दुसरी बाई पहिल्यापासून घरात वावरत होती, आणि द्वारका तिच्या अंगावरून दरसाल वाचत गेली होती.

दुसऱ्या दिवशी जिवनबाई टेंभुरांची टोपली घेऊन आली. द्वारकेनं तिला परसात गाठलं आणि सरळ विचारलं, "ही टेंभुरं कोणी सांगितली?"

"तुझ्या सासूनं," जिवनबाई म्हणाली. "अशी अर्धकच्चीच पायजे म्हनली. मागल्या येळंला बी मीच आणली व्हती की."

"मागल्या वेळेला?"

जिवनबाईनं तिच्या पोटाकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं, टोपली तिथंच ठेवली आणि पैसे न घेता तांड्याच्या वाटेला लागली.

द्वारका स्वयंपाकघरात गेली. पार्वतीबाई चुलीपुढं बसली होती. द्वारकेला संताप आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. आपण या घरात काय खाल्लं, काय नेसलो, कोणाची माया घेतली, सगळं तिला आठवू लागलं.

"आत्याबाई, तिचं नाव काय होतं?"

पार्वतीबाईनं नाही म्हटलं नाही, कुठली बाई असंही विचारलं नाही. चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"चंदा. हट्टा गावची व्हती. सातव्यात गेली." मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं ती एका दमात बोलली. "तुह्या बापाला सांगितलं असतं तर त्यानं दुजवराला लेक दिली असती का? समद्या गल्लीला म्या मारुतीपुढं शपथ घातली. दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालत्यात. म्या टाक केला न्हाई. गळ्यात दिसला असता. मंग तिला ठिवू कुठं, पोरी? तुह्याच अंगावर ठिवली. तुला लुगडं घेतलं की तिच्या नावानं घेतलं. तुही वेणी घालताना तिचं नाव घेतलं. तुला घास वाढला की म्हनलं, चंदे, खा."

द्वारका भिंतीला टेकली. तिच्या जिभेवर खापरीची चव होती. ही चव कुणाची, हे तिला सांगता आलं नसतं.

"मला माहेरी काहून धाडलं नाही?"

"कशी धाडू? हितं तिला खाऊ घालून गप ठिवून राहिले म्या. तिकडं कोण घालील? उपाशी राहिली तर ती तुला न्हेईल." पार्वतीबाई रडू लागली. "समदे डोहाळे पुरवले, द्वारके. चिंच झाली, टेंभुरं झाली, खापरी झाली. शेवटचा तेवढा राहिला. तो काय व्हता ते मला कळलंच न्हाई. शेवटी शेवटी ती काही खाईना. पुढ्यात ठिवलेलं सरकवून द्यायची. दुपारची उठून वेशीत जाऊन हुबी राहायची. सुगीचे दिवस, घरात कामाला माणूस न्हाई, म्या बोलायची तिला. म्हनायची, नखरे बास कर. मंग ताप आला, अन् गेली. तिला काय खायाचं व्हतं, देवालाच ठाऊक."

वेशीचं नाव निघालं तसं द्वारकेच्या पोटातलं लेकरू हललं. तिला म्हाताऱ्या बायकांचं गप्प होणं आठवलं. आपल्या पायांना ती वाट कुणी शिकवली, असं तिच्या मनात आलं. पण ती चंदा हट्ट्याच्या वाटेकडं बघत असेल आणि आपण पैनगंगेच्या, एवढाच काय तो फरक. हे कळलं आणि तिची भीती कुठल्या कुठं गेली. तिला त्या न पाहिलेल्या पोरीची इतकी कणव आली की डोळे भरून आले.

"खायचं काही नव्हतं, आत्याबाई," ती म्हणाली. "तिला माहेरी जायचं होतं."

पार्वतीबाईनं मान वर केली. "तिनं सांगितलं तुला?"

"न्हाई. मलाबी तेच डोहाळे लागलेत."

चुलीवरचं कालवण करपू लागलं. पार्वतीबाईनं ते खाली उतरवलं आणि ती उठली. तिनं बाहेर जाऊन माणिकरावाला गाडी जुंपायला सांगितलं. त्यानं आईच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि काही न विचारता बैल सोडून आणले. मग तो घरात आला, उंबरा ओलांडून पार आतपर्यंत, आणि द्वारकेची पेटी त्यानं स्वतः खांद्यावर घेतली. 

गाडीत कडब्यावर गोधडी अंथरलेली होती. द्वारका मधोमध बसली. दारोदारी बायका उभ्या राहिल्या. मनकर्णानं लांबूनच हात जोडले. पार्वतीबाईनं भाकरीचं गाठोडं आणून द्वारकेच्या मांडीवर ठेवलं. मग दुसरं आणलं आणि तिच्या शेजारी, रिकाम्या गोधडीवर ठेवलं. तिथला गोधडीचा कोपरा तिनं हातानं सारखा केला.

"माणिका," ती म्हणाली, "आधी हट्ट्याच्या वाटंनं जा. तिथं वेशीपाशी घडीभर थांब. मंग नदीकडं वळव."

"हट्टा उलट्या बाजूला हाय, आई."

"असू दे. अन् बैल हळू हाक. दोघी बसल्यात."

माणिकरावानं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं कासरा सैल सोडला. गाडी हलली, तसं द्वारकेनं आपलं लुगडं आवरून घेतलं आणि ती जरा सरकून बसली.