शेजारच्या गवताचं जेवणखाण

पनवेल तालुक्यात गवताला वेळच्या वेळी जेवू घालणारा माणूस एकच, आणि माझं नशीब असं थोर की तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमचे हे शेजारी मूळचे इथलेच भातशेतकरी. पळस्प्याकडची शेतं रस्त्यात आणि इमारतींत गेली, तेव्हा इकडे उरलेल्या शेवटच्या तुकड्यावर मुलांनी बंगला उठवला. आर्किटेक्टने नकाशात पुढे एक हिरवा चौकोन रंगवला होता, म्हणून लॉन आलं. नर्सरीच्या टेम्पोतून गवताच्या गुंडाळ्या उतरताना पाहून म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला होता. "गवत इकत आनला? अख्खा जलम माजा गवत उपटन्यात गेला!" मला वाटलं, आठवड्यात हे लॉन बांधावर जाणार. कसलं काय! महिन्याभरात त्या वीस बाय तीस फुटांची अशी बडदास्त सुरू झाली की घरच्या जावयालाही हेवा वाटावा. पुढे मुलांना तिथे पेव्हर ब्लॉक बसवून दोन गाड्या आत घ्यायच्या होत्या. पण तो विषय निघाला की म्हातारा भरल्या पानावरून उठे. एवढं मोठं घर, आणि त्या चौकोनावर येऊन अडलेलं.

आता लॉनला खत कधी, किती घालायचं हे सांगणारा छापील कागद नर्सरीवाल्याने दिला होता. पण छापील कागदांवर यांचा विश्वास नाही. कागदांनीच शेतं नेली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सरळ लॉनला भाताचं वेळापत्रक लावलं. आषाढ लागला की युरिया. अहो, पनवेलचा आषाढ तो! तासाभरात सगळा युरिया उताराने वाहत माझ्या अंगणात. त्यांचं लॉन पिवळं आणि माझ्याकडचं रान कमरेएवढं. यावर माणसाने गप्प बसावं की नाही? हे विळा घेऊन माझ्या फाटकात हजर. "मास्तर, ह्यो गवत आमचा हाय. आमचा खाऊन वाढलाय." आणि खरोखर दोन भारे कापून घेऊन गेले. जन्मभर वर्ग गाजवलेला मी, त्यांच्यासाठी फाटक धरून उभा होतो. बायको मात्र दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती.

दसरा झाला की शेणखत, तेही मुलाच्या पांढऱ्या गाडीच्या डिकीतून. बिचारा मुलगा पुढचे चार दिवस चारही काचा खाली करून ऑफिसला जायचा. मग थंडी. आमच्याकडे थंडी म्हणजे स्वेटरचा डांबराच्या गोळ्यांचा वास जाईपर्यंत संपते. पण तेवढ्यात हे करंजा बंदरावरून सुक्या मासळीचा भुगा आणून पसरतात. एकदा नेमका आमच्याकडे सत्यनारायण होता. भटजींनी संकल्प अर्ध्यावर सोडून उपरण्याने नाक धरलं. गल्लीतल्या झाडून सगळ्या मांजरी भिंतीवर ओळीने बसल्या, आणि वर घारी. मी तावातावाने गेलो तर म्हणतात, "वास चार दिस, गून वरीसभर." वर संध्याकाळी प्रसादाला आले आणि शिरा दोनदा मागून घेतला. कोडगेपणा म्हणतात तो आणखी काय असतो?

पण यंदाच्या वैशाखात कहर झाला. भाताची रोपं करायची त्या जागेवर पेरणीआधी शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात. त्याला राब भाजणं म्हणतात. या गृहस्थांनी लॉनवर राब भाजला! धूर आमच्या स्वयंपाकघरात शिरला, कुणीतरी घाबरून फोन केला, बंब आला. तर हे बंबवाल्यांना शांतपणे सांगतात, "इजवू नका, अर्धाच भाजलाय." लॉन तव्यासारखं काळं झालं. संध्याकाळी थोरला मुलगा माझ्याकडे आला. "काका, आता तुम्हीच समजवा बाबांना. तुमचं ऐकतात ते. पावसाच्या आत ब्लॉक बसवून टाकतो." आंधळा मागतो एक डोळा! मी तर वाटच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून मी असं काही बोललो की इन्स्पेक्शनच्या दिवशीही कधी इतकं मुद्देसूद शिकवलं नसेल. म्हटलं, "दादा, गवत ते गवत. पोटात जात नाही, बाजारात जात नाही. पोरांच्या गाड्या रस्त्यावर उन्हात तापतात आणि तुम्ही गवताला खायला घालता?"

"गवताला कोन घालतो, मास्तर? मी जमिनीला घालतो. हिच्यावर आमच्या सात पिढ्या जेवल्या. आता ती पिकवत नाय म्हनून तिचा खाना बंद करू?"

मी लगेच मुलांना पुढे केलं. पोरं तोंडाने बोलत नाहीत, पण रोज मन मारतात, म्हटलं. दादांनी त्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं. "तुमी सांगता म्हंजी लावू दे," एवढं म्हणून आत गेले. मी जिंकलो होतो. घरी येऊन ऐटीत बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मोठे शहाणे!"

ब्लॉकचा ट्रक आला, रस्त्याकडेला रास पडली. कामगार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. संध्याकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होतो, सहज भिंतीपलीकडे पाहिलं तर म्हातारा घमेलं घेऊन उभा. जिन्याखाली होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलेलं. शेणखत, तळाशी उरलेला युरिया, मासळीचा भुगा. त्या जळक्या मातीवर मुठीमुठीने पसरणं चाललं होतं, अगदी कोपरा न् कोपरा, जराही घाई नाही. मला राहवलं नाही.

"अहो दादा, उद्या सकाळी दगड बसणार त्याच्यावर! आता हे कशाला?"

त्यांनी मान वर केली नाही. "उपाशी पोटी घरातून कुनाला धाडता का तुमी, मास्तर?"

मला माझ्या त्या मुद्देसूद भाषणाची लाज वाटली. मी नळ बंद केला आणि तिकडे गेलो. दुसरं घमेलं आहे का, विचारलं. त्यांनी बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "मूठ हलकी ठेवा." दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघं त्या जमिनीला वाढत होतो.