सुकटीच्या ब्लॉगवरचं भांडण

नेरळच्या बाजारामागच्या गल्लीत खतीजाचा राग सगळ्यांना ठाऊक होता. इतर बायकांचा आवाज रागात चढतो, हिचा उतरायचा. आवाज खाली आला की तिचा नवरा रज्जाक टेंपोची किल्ली उचलायचा. माथेरानच्या हॉटेलांना अंडी पुरवायचा त्याचा धंदा. दस्तुरीपर्यंत टेंपोनं, पुढं गाड्यांना बंदी म्हणून घोड्यावर. त्यामुळं घराबाहेर पडायला त्याच्यापाशी कायम सबब तयार असायची. मागं तावडीत सापडायची ती सिद्रा, एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी तीही पुण्याला शिकायला गेली, तेव्हा सगळा राग फोनच्या वाटेनं पुण्याला जाऊ लागला.

पोचलीस का, जेवलीस का, मागून कोण बोलतंय, पंखा एवढा का वाजतोय. काळजी वाटली की खतीजाला रागच यायचा. काळजी दाखवायची दुसरी रीत तिला माहीत नव्हती. मुलीनं फोन उचलला नाही तर मैत्रिणीला, मैत्रिणीनं उचलला नाही तर वॉर्डनबाईंना. शेवटी सिद्रानं एक युक्ती काढली. अम्मी बी.ए. करताना कॉलेजचं वाचनालय पालथं घालायची, हे तिनं ऐकलं होतं. तिनं एका ब्लॉगची लिंक पाठवली. लिहिणारा होता एक निवृत्त पोस्टमन, आणि लिहायचा फक्त टपालपेट्यांवर. ‘हे वाच, तुझं वाचून होईपर्यंत मी पोचते,’ असं सिद्रानं खाली लिहिलं होतं.

टपालपेटीवर काय वाचायचं, म्हणून खतीजानं नाक मुरडलं. मग वाचायला बसली आणि गॅसवरची डाळ लागली. कुठल्या पेटीत चिमणीनं घरटं केलं म्हणून गावानं पत्रं टाकायचं थांबवलं, कुठली पेटी रस्ता रुंद करताना उखडली आणि एका किराणा दुकानदारानं ती धुऊनपुसून दारात ठेवली. त्या पानाच्या कडेला पोस्टमनला आवडणाऱ्या इतर ब्लॉगांची यादी होती. मागच्या दारानं शेजारणीकडं जावं तशी खतीजा एका ब्लॉगातून दुसऱ्यात जाऊ लागली. जुन्या कुलपांची पोटं उघडून दाखवणारा एक कुलूपवाला होता. भिंतीवरच्या कोळ्यांचे फोटो काढून त्यांना नावं देणारी एक शिक्षिका होती. विहिरींच्या पायऱ्या उतरून बघणारा एक सर्व्हेअर होता, आणि एक बाई तर नुसती पापडांवर लिहायची. सगळी माणसं आपापल्या वेडात. कुणी काही विकत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं.

खतीजाला हे जास्तच जाणवायचं, कारण एरवी फोन उघडला की भलतंच असायचं. गल्लीतल्या ग्रुपवर औषधांचे खोटे मेसेज, बाहेरच्या ग्रुपवर कुणीतरी कुणाचा द्वेष करायला शिकवणारा व्हिडिओ, आणि त्या द्वेषाचं टोक बहुतेक वेळा तिच्याच घराकडं वळलेलं. असले मेसेज पाठवणाऱ्यांत तिच्याबरोबर कॉलेजात डबा खाल्लेली माणसंही होती. त्यांना उत्तरं लिहून लिहून तिची बोटं दुखली होती.

“ही मानसं फुकट लिवतात?” रज्जाकनं एकदा तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं. “मग दिवसा करतात काय?”

“तुमच्यासारखी अंडी मोजत असतील,” ती म्हणाली.

पुण्याचे फोन कमी झाले. शुक्रवारी दुपारी मायलेकी निवांत बोलायच्या, आणि बोलायच्या त्या कोळ्यांवर नाहीतर कुलपांवर. नवा ब्लॉग आधी कुणाला सापडतो यावर त्यांची चढाओढ लागायची. खतीजा बहुतेक वेळा जिंकायची, कारण यादी दिसली की ती तळापर्यंत जायची. ब्लॉग कुणाचा, कुठला, हे बघायला मात्र ती कधी थांबायची नाही. लिहिलेलं चांगलं आहे ना, मग नावगाव कशाला, असं तिचं म्हणणं.

पापडवाल्या बाईंच्या यादीत अगदी खाली तिला एक हॉस्टेलच्या मुलीचा ब्लॉग मिळाला. पहिलाच लेख सुकटीच्या चटणीवर होता. ‘आई मला मिठाईच्या खोक्यात सुकटीची चटणी भरून देते,’ असं त्यात लिहिलं होतं. चटणी प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत, वर बर्फीचा चांदीचा कागद, आणि कागदावर खरोखरच्या दोन बर्फ्या. खोलीतल्या मुलींना सुक्या मासळीच्या वासाचा सुगावा लागू नये म्हणून. एकदा पाहुण्यांसमोर वॉर्डनबाईंनी ते खोकं मिठाई समजून उघडलं, आणि पुढं जे झालं ते वाचून खाली कॉमेंट करणारे लोक हसून लोळले होते. लेखातली आई फोन करकरून जीव नकोसा करायची. मागून कोण बोलतंय, असं विचारायची.

खतीजा हसली नाही. मिठाईच्या खोक्यात सुकट भरायची युक्ती तिची स्वतःची होती. तीन पिशव्या तिच्या, चांदीचा कागद तिचा, फोनवरचे प्रश्नसुद्धा तिचेच. म्हणजे पोरगी लिहीत होती, आईला न सांगता लिहीत होती, आणि साऱ्या जगाला आईची गंमत दाखवत होती. तेही तिनं एकवेळ गिळलं असतं. पण लेखभर ‘आई’ होतं. अम्मी हा शब्द एकदाही नव्हता. मधेच भाताची रोपं लावायच्या आवणीचं वर्णन होतं, गुडघाभर चिखलाचं. आपल्याकडं शेत कुठलं? दारात कढीपत्त्याची एक कुंडी. तेव्हा तेही मुद्दाम घातलं असणार, आपण कुणाच्या घरच्या ते कुणाला कळू नये म्हणून.

या मुलीला शिकवायला तिनं आपल्या माहेरच्यांशी भांडण घेतलं होतं. आणि शिकून पोरीनं पहिलं काय केलं, तर आईचं नाव पुसलं.

सिद्राला फोन करून विचारावं, हे तिला सुचलं नाही. फोनवर पोरगी गोड बोलून वेळ मारून नेईल, असं वाटलं. तिनं लेखाखालीच लिहिलं, नावगावासकट: ‘सिद्रा, लोकांना हसवलंस, छान केलंस. मला वेडी दाखवलीस, तेही चालेल. पण अम्मीची आई का केलीस? माझी लाज वाटते तर तोंडावर सांग. खतीजा, नेरळ.’ आणि दार आपटावं तसं बोट आपटून पाठवून दिलं.

संध्याकाळी सिद्राचा फोन आला. आवाज खाली होता, अगदी खतीजासारखा.

वर्गातल्या एका मुलीनं तिला त्या कॉमेंटचा फोटो पाठवला होता, ही तुझीच अम्मी का, म्हणून. तोवर तो फोटो हॉस्टेलभर फिरला होता. सिद्रानं विचारलं, ब्लॉगवर ‘माझ्याविषयी’ म्हणून पान आहे, ते उघडलंस का? नव्हतं उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: मी सोनाली, पोशीरची, घरी भातशेती, सध्या अलिबागच्या हॉस्टेलात.

“मग ते खोकं?” खतीजानं विचारलं. “ते तिच्या आईला कुठून कळलं?”

“अम्मी, कर्जतपासून वांगणीपर्यंत जिची पोरगी हॉस्टेलला आहे ती प्रत्येक बाई खोक्यात सुकट भरते. तुला काय वाटलं, तूच शोध लावलास?”

एरवी इथं दोघी हसल्या असत्या. सिद्रा हसली नाही. ती म्हणाली, तुला सांगायचं नव्हतं, पण आता ऐक. पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळायच्या आधी एका बाईंकडं तिची खोली ठरली होती. सामान आत नेलं होतं. बाई चांगल्या बोलत होत्या. नाव नीट ऐकलं नसावं. तेवढ्यात खतीजाचा फोन आला, पोचलीस का म्हणून. सिद्रा त्यांच्यासमोरच म्हणाली, हो अम्मी, पोचले. तिनं फोन ठेवला तोवर बाईंना आठवलं होतं की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. सामान परत रस्त्यावर आलं.

“त्यानंतर फोन आला की बाहेर जाऊन हळू बोल, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी नाही गेले. दोन वर्षं सगळ्यांसमोर अम्मी म्हणते. आणि तू लिहितेस, मला तुझी लाज वाटते. ते पण माझं नाव घालून.”

फोन बंद झाला. खतीजाला आधी राग आला तो त्या बाईंचा. मग लक्षात आलं, रज्जाकला हे ठाऊक होतं. त्या दिवशी टेंपो तसाच सोडून पुण्याला तोच धावला होता, आणि घरी येऊन खोलीला ओल होती म्हणून सांगितलं होतं.

“मला का नाय सांगितलं?” तिनं विचारलं. रागात घरची बोली तिच्या तोंडी यायची.

“तू त्या बाईच्या दारात जाऊन बसली असतीस.”

“बसले असते.”

“म्हनून नाय सांगितलं,” रज्जाक म्हणाला. या वेळी त्यानं किल्ली उचलली नाही.

पुढं सिद्राचे फोन थांबले. मेसेज यायचा, ‘पोचले’, एवढाच. शुक्रवार आला आणि कोरडा गेला. इकडं त्या ब्लॉगवर सोनालीचं उत्तर आलं होतं: ‘काकू, मी सिद्रा नाही. तुमची कॉमेंट काढून टाकू का? आईला वाचून दाखवली. ती म्हणते, पोरी अशाच असतात, त्या बाईचं काय चुकलं नाय.’ मधे कुणी अम्मी या शब्दावरून घाणेरडं काही लिहिलं होतं, ते काढून टाकल्याचंही सोनालीनं कळवलं होतं.

काढ म्हणणं सोपं होतं. एका शब्दात सिद्राचं नाव तिथून गेलं असतं. पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं, फोटो काढून ठेवला होता. कॉमेंट गेली असती, आळ राहिला असता. आळ चारचौघांत घेतला होता, तर मागं घ्यायलाही चारचौघांतच हवा, हे खतीजाला पटलं. बहुतेक तो स्वतःवरच्याच रागाचा जोर होता. सोनालीला तिनं कळवलं, राहू दे. मग पहिल्या कॉमेंटखाली दुसरी लिहिली.

‘ही माझी मुलगी नाही. मी नीट न बघता लिहिलं. माझी मुलगी सिद्रा मला सगळ्यांसमोर अम्मी म्हणते. त्यापायी तिला एका घरातून सामानासकट बाहेर काढलं, तरी म्हणते. हे मला माहीत नव्हतं, आणि मी तिच्यावरच लाजेचा आळ घेतला. आळ खोटा आहे. लाज वाटायचीच असेल तर त्या घरच्या बाईंना वाटावी. भाचा आला का, हे त्यांनी इथं लिहून कळवावं. आणि सिद्रा, तू आणि तुझ्या अब्बांनी हे माझ्यापासून लपवलंत, त्याबद्दल घरी आल्यावर बोलायचं आहे. खतीजा, नेरळ.’

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागं मुलींचा गलका होता.

“वाचलं मी,” सिद्रा म्हणाली. “ही माफी आहे की झापणं?”

“दोन्ही.”

मग सिद्रा म्हणाली, “त्या बाईंचा पत्ता मी देणार नाही.”

“मी मागितला?”

“मागशील.”

तिकडं कुणीतरी तिला हाक मारली. “थांब गं,” सिद्रा मोठ्यानं म्हणाली, “अम्मी आहे फोनवर.” खतीजानं ते ऐकलं. सिद्रानंच मग विचारलं, पोशीरच्या मुलीनं आवणीवर दुसरा लेख टाकलाय, वाचलास का?

पत्ता मात्र खतीजा अजून मागते आहे.