शेवटची सोळा पानं

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातली थोरली मला म्हणाली, "आजी, मला सकाळी ऑफिसला जावंसंच वाटत नाही. पगार वेळेवर देत नाहीत आणि केलेलं कुणी बघत नाही." मी लगेच म्हणाले, "होतं असं. मन लावून काम करत राहा, सगळं नीट होईल." ती "बरं" म्हणाली आणि तिनं विषय बदलला. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. मी जे सांगितलं ते निदान माझ्या बाबतीत तरी खरं झालेलं नाही. ते काय झालं हे तुम्हाला कळावं म्हणून आता लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत लिहायला घेतलं की मी पुन्हा सांगलीच्या कॉन्व्हेंटमधली मुलगी होते आणि निबंधासारखं समजूतदार लिहिते. म्हणून मराठीत लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. अडलं तर बाबांना विचारा.

माझं वाचनालय तुम्ही पाहिलं आहे. खाली पतसंस्था, वर आम्ही. तुमचे बाबा बारावीत होते तेव्हा मी तिथे ग्रंथपाल म्हणून लागले आणि अजून तिथेच आहे. अशा वाचनालयांना सरकारचं अनुदान मिळतं, त्यातून आमचा पगार निघतो. अनुदान वर्षातून दोन हप्त्यांत यायचं असतं आणि कधीच वेळेवर येत नाही. सुरुवातीला एक-दोन महिने उशीर व्हायचा. अलीकडे दिवाळीचे पैसे होळीला मिळाले तरी आम्ही खूश असतो.

आमचे चिटणीस माणूस वाईट नाहीत. मी विचारायला गेले की खुर्ची पुढे करतात, चहा मागवतात. "बाई, हप्ता आला की पहिला पगार तुमचाच." मग चहा संपता संपता म्हणतात, "आणि खरं सांगायचं तर तुम्हाला काय कमी आहे हो? मुलगा परदेशात." तुमचे बाबा पैसे पाठवतात हे खरं आहे. पण माझ्या कामाचे पैसे माझे असतात, हे त्या खुर्चीत बसून मला कधी म्हणता आलं नाही.

वर्धापनदिनाला पाहुण्यांना शाल-श्रीफळ असतं. मागच्या वर्षी मांडववाल्याचाही सत्कार झाला. यादी मीच वाचत होते. माझ्या शेजारी बसलेल्या एक सभासद बाई हळूच म्हणाल्या, "तुमचं नाव राहिलं वाटतं." चिटणिसांनी ते ऐकलं आणि हसून म्हणाले, "बाई काय, घरच्याच." सगळे हसले. मीही हसले.

मन एकदम उडत नाही. आधी मी नवी पुस्तकं वाचायची सोडली. पूर्वी आलेलं प्रत्येक पुस्तक मी घरी नेऊन वाचायची, म्हणजे कुणाला काय द्यायचं ते कळायचं. मग कपाटातली कापूर-गोळी बदलायची राहू लागली. मग माझी एक जुनी सवय गेली. ती सवय मी तुम्हाला नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

वाचनालयात पुस्तक दाखल होतं तेव्हा वहीत त्याची एकूण पानं लिहितात. पुस्तक परत आलं की मी ते मागून उघडायची आणि शेवटच्या पानाचा आकडा वहीशी ताडून बघायची. पुस्तकं सोळा सोळा पानांच्या जुड्या शिवून बांधलेली असतात. बांधणी सैल झाली की बहुतेक वेळा शेवटची जुडी अख्खी निखळते. अशी पुस्तकं मी बाजूला काढून ठेवायची. सांगलीहून वर्षातून दोनदा एक बाइंडर यायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. व्हरांड्यात सतरंजी टाकून ते आठवडाभर पुस्तकं शिवत बसायचे. त्यांचेही पैसे रखडायला लागले. एकदा ते मला म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग नाही. पण पुठ्ठा मला रोखीनं घ्यावा लागतो, आणि दुकानदार काय मला चाचा म्हणत नाही." त्यानंतर ते आले नाहीत. निखळलेल्या पुस्तकांचा ढीग वाढत गेला, मग तो जागा अडवतो म्हणून शिपायानं परत कपाटात लावून टाकला. मी बघितलं आणि लावू दिलं. मागून उघडून बघणंही मी तेव्हाच सोडलं. सहा महिने गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेच मला जास्त लागलं.

आता आमच्या सभासद असलेल्या एका सूनबाईंविषयी सांगते. कडेगावच्या बाजूच्या एका खेड्यातून त्या दर शनिवारी एसटीनं यायच्या. नवरा फौजेत, लांब कुठेतरी सरहद्दीवर. घरी ऊस, दोन म्हशी आणि सासू. सासूची नजर साखरेच्या आजारानं गेलेली. म्हातारीला गोष्टींचं वेड होतं, म्हणून संध्याकाळी सून पुस्तक वाचून दाखवायची. पहिल्यांदा आल्या तेव्हाच त्यांनी अटी सांगितल्या होत्या.

"लय रडारडीचं नगं. देवाधर्माचं बी नगं, ते त्यांना पाठ हाय. आन् जाडं द्या बाई, आठवडाभर पुराया पायजे."

"आणि तुम्हाला कसलं आवडतं?" मी विचारलं.

"मला? मला आवाज बसत न्हाई असलं." मग थांबून म्हणाल्या, "खरं सांगू का, दिवसभर आमचं वाजतंय. भाजी खारट, चहा पांचट, ह्या घरात यीऊन मी काय केलं. वाचाया बसलं का तेवढं गप असतंय. दोघीबी गप."

बाकी वाचन सुटलं तरी त्यांच्यासाठी मात्र मी दर आठवड्याला पुस्तक आधी वाचून ठेवायची. ते वाचन कुठल्या वहीत जात नव्हतं. मला ते आवडायचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्या आल्या तेव्हा मी टेबलाशी बसले होते आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. त्याच सकाळी चिटणिसांनी सांगितलं होतं की हप्ता मार्चच्या आधी येत नाही. शेजारच्या कपाटात हाताला आलेली जाड कादंबरी मी काढली आणि दिली. वाचलेली नव्हती. मागून उघडलीही नाही. त्यांनी विचारलं, "चांगली हाय का?" मी म्हणाले, "हो, छान आहे."

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभ्याच राहिल्या.

"शेवटाला पानं न्हाईत की हो बाई."

मी उघडून बघितलं. दोन बहिणींची गोष्ट होती. जमिनीवरून भांडण होऊन वीस वर्षं बोलणं बंद. शेवटी धाकटी थोरलीच्या दाराशी येते आणि कडी वाजवते. तिथेच पुस्तक संपलं होतं. पुढची सोळा पानं नव्हती.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करतीय? म्हटलं, आत्या, फुडं पानंच न्हाईत. त्या म्हटल्या, दार उघडलं का न्हाई ते सांग. म्हटलं, आवं पानं न्हाईत. तर म्हणत्यात, पानं कशी नसतील? ती बाई येवढी शिकलेली, ती अर्धं पुस्तक दील व्हय? तूच कटाळा केलास. तूच गाळलंस." बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आठ दिस झालं, वाचू देईनात. म्हणत्यात, तुझं ऐकून काय करायचंय, तू कुटं काय गाळशील नेम न्हाई."

मुलांनो, माझ्या कामाची इतकी खात्री बाळगणारं कुणी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एका नजर गेलेल्या बाईनं, जिला मी कधी भेटले नव्हते, माझ्यावर इतका विश्वास ठेवला होता की त्यापायी तिनं सुनेला खोटं ठरवलं. आणि खोटं वागले होते मी.

मी त्यांना म्हणाले, "मी ती पानं मिळवते." दुसरं पुस्तक देऊ केलं, त्यांनी नेलं नाही.

सांगलीच्या वाचनालयात फोन केला. तिथल्या माणसानं शोधून सांगितलं, "यादीत आहे, कपाटात नाही." हे मला अगदी ओळखीचं वाटलं. साताऱ्यात एक प्रत असल्याचं कळलं तेव्हा मंगळवारी सकाळची गाडी पकडून कराडमार्गे साताऱ्याला गेले. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमुळे पोचायला दुपार झाली. तिथे एक तरुण ग्रंथपाल होती. मी चष्मा, पिशवी, वही घेऊन आत गेले तशी ती पटकन उठून उभी राहिली आणि टेबलावरचा डबा आत ढकलला.

"मॅडम, तपासणी का?"

"नाही गं, सोळा पानं हवी आहेत."

तिला सगळं सांगितलं. "तुमचा हप्ता आला?" तिनं विचारलं.

"नाही. तुमचा?"

"कुठला." मग पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. "एवढ्या लांबून सोळा पानांसाठी आलात. मी तर म्हटलं असतं, दुसरं घ्या." ती हे मला लागावं म्हणून म्हणाली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं.

बांधणी इतकी घट्ट होती की झेरॉक्स काढताना पुस्तक उसवलं असतं. मी फोनवर फोटो घेतले आणि घरी तीन दुपारी बसून सोळाही पानं हातानं उतरवली. तुम्ही म्हणाल, फोटो पाठवून द्यायचे होते. पण चूक मी केली होती, तेव्हा ती सांगायची मीच, आणि म्हातारीच्या तोंडावर, असं मला वाटत होतं. हे नीट निस्तरता येईल अशी माझी समजूत होती.

शनिवारी मी त्यांच्या गावी गेले. म्हातारी ओसरीवर बाजेवर बसल्या होत्या, अंगावर घोंगडी. सुनेनं सांगितलं, "आत्या, वाचनालयाच्या बाई आल्यात." त्यांनी हात पुढे करून माझा हात धरला, बोटं चाचपली.

"आवं, तुमी कशाला तरास घेतला?"

मी म्हणाले, "आजी, चूक माझी झाली. पुस्तकाला शेवटची पानं नव्हती. मी न बघता दिलं. तुमच्या सुनेनं काही गाळलं नाही."

त्या हसल्या. "तुमी तिची बाजू घेताय."

"नाही हो, खरंच सांगते."

"शिकलेल्या माणसाचं मन मोठं असतंय. दुसऱ्याचं झाकून घ्यायचं." माझा हात थोपटत त्या म्हणाल्या, "मला का कळत न्हाई व्हय? एवढ्या वर्सात तुमचं एक पुस्तक वावगं निघालं न्हाई."

मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. सून म्हशीच्या दाव्याशी उगाच काहीतरी करत उभी होती. म्हातारीला ते पटलं नाही. ज्या कौतुकाची मी इतकी वर्षं वाट बघितली होती ते असं आलं, आणि मला ते परत करता येईना.

मी कागद सुनेपुढे धरले. "तुम्ही वाचा."

"ती नगं," म्हातारी म्हणाल्या. "तुमी वाचा."

मी सुनेकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, वाचा म्हणून. मी सोळाही पानं वाचली. थोरली दार उघडते, पण आत बोलावत नाही. दोघी उंबऱ्यावरच बसतात आणि शेवटपर्यंत तिथेच बसून बोलतात. म्हातारी अगदी स्थिर ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "उघडलं म्हणायचं दार." आणि मग सुनेच्या दिशेला तोंड करून, "बघ. ह्याला वाचणं म्हणत्यात. गाळलं का कुटं काय?"

माझ्यानं तिथे बसवेना. चहा घेतला आणि निघाले. सून मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या. थांब्यावर त्यांनी ब्लाउजमधून छोटं पाकीट काढलं आणि त्यातलं वाचनालयाचं कार्ड माझ्या हातात दिलं.

"हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

मी म्हणाले, "मी परत येते, त्यांना समजावते."

"नगं बाई. तुमी जेवढं सांगाल तेवढी मी वायट हुतीय." त्या रागावल्या नव्हत्या. "त्यांच्या लेकानं फोनवर गोष्टी लावून दिल्यात. बोलतोय फोन. बरंय, त्याला कोण म्हणत न्हाई, गाळलं म्हणून."

गाडी आली. मी चढले.

मार्च होऊन गेला तरी हप्ता आला नाही. नंतर आला, तो अर्धा. चिटणिसांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मी साताऱ्याला गेल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. "बाई, एवढं कुठे करत बसता," ते म्हणाले. काळजीनंच म्हणाले.

थोरले, तू विचारशील की मग मन परत लागलं का. नाही लागलं. कालही जिना चढताना मला वाटलं की मागे फिरावं. सोडून दे असं मी तुला सांगणार नाही, आणि टिकून राहा असंही सांगणार नाही, कारण कुठलं बरोबर ते मला माहीत नाही. एवढंच सांगते की ज्या दिवशी तुझ्या हातून असं काही सुटेल त्या दिवशी त्याचा भुर्दंड तुझ्या साहेबाला बसणार नाही, दुसऱ्याच कुणाला तरी बसेल, आणि तो माणूस तुला दिसेलच असं नाही.

आता काय शिल्लक आहे ते लिहिते. वाचनालय दुपारी चार ते सात उघडं असतं. परत आलेली पुस्तकं मी मागून उघडून बघते. ती सोळा पानं मी खळीनं त्या कादंबरीला जोडली आहेत. तेव्हापासून ती कुणी नेलेली नाही. सूनबाई शनिवारी येत नाहीत. सहा महिने न वापरलेलं कार्ड रद्द करायचं असा आमचा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. त्यांचं कार्ड मी रद्द केलेलं नाही. ते कार्डांच्या पेटीत त्यांच्या क्रमांकावर आहे.