पुढचा शाफ्ट

बाबांनी जीप घरी आणली ती ट्रॅक्टरला दोर बांधून. मी शाळेत शिकवून घरी आले तेव्हा गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या आमच्या मोकळ्या जागेत ती उभी होती. चारी टायर बसलेले, हुडाच्या चिंध्या झालेल्या, एका दिव्याची काच गेलेली. आई पदर कमरेला खोचून तिच्याभोवती फिरत होती.

जीप आम्हाला अनोळखी नव्हती. सहकारी साखर कारखान्यात बाबांनी हीच गाडी अठरा वर्षं चालवली. दुष्काळात ऊस संपला, मग कारखाना बंद पडला, आणि आवारात उभ्या असलेल्या गाड्या भंगारात निघाल्या.

"कावून आणली ही?" आईने विचारलं.

"तिथं कापणार होते तिला," बाबा म्हणाले. यापेक्षा जास्त कारण त्यांनी कधी दिलं नाही.

धारूरहून एक मिस्त्री बोलावला. त्याने बॉनेट उचललं, आत नजर टाकली, चहा घेतला आणि इंजिन काढून बाकीचं विकून टाका असं सांगून गेला. बाबांना स्वतःला काम येत होतं, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस समोर आलेला कळायचा, नटाची कड दिसायची नाही. ऑपरेशन ते दोन वर्षं पुढं ढकलत होते. मिस्त्री गेल्यावर ते बॉनेटला हात लावून मला म्हणाले, "पाना धरता येतो का तुला?"

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. लग्न मोडून माहेरी परत आल्याला चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत बाबा माझ्याशी जेवढं बोलले नव्हते, तेवढं त्या उन्हाळ्यात बोलले, आणि ते सगळं गाडीबद्दल. मी गाडीखाली जायची, ते बाहेर उकिडवे बसून हात पुढं करायचे. खोललेली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या हातात द्यायची. ते अंगठा फिरवून सांगायचे, ही चालंल, ही गेली. गंजलेल्या बोल्टांवर डिझेलचं फडकं गुंडाळून दोन दिवस ठेवायचं, मगच पाना लावायचा. मी घाई केली आणि एका बोल्टाचं डोकं तुटलं. ते रागावले नाहीत. छिन्नीने तो कसा काढायचा ते शिकवलं. त्यात अख्खी दुपार गेली.

पाणी टँकरचं, आणि तेही मोजून. त्यामुळे गाडी धुण्याचा प्रश्नच नव्हता, सगळं डिझेलने आणि फडक्याने. हात राखेने घासायचे, मग एक तांब्या पाणी, आणि तेही घमेल्यात धरून लिंबाच्या झाडाला.

ब्रेकला दोन माणसं लागतात. एकाने पायाने पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकापाशी निपल ढिली करून पाइपातली हवा काढायची. बाबा चाकापाशी माझ्या शेजारी बसले, म्हणून पेडलवर आई बसली. ती जन्मात कधी स्टिअरिंगसमोर बसली नव्हती. बाबा म्हणायचे "दाब", ती दाबायची. "धर", ती धरायची. विसाव्या वेळेला ती म्हणाली, "माझी भाकर करपायली, तुमचं चालू द्या," आणि पाय तसाच दाबून ठेवून तिने शेजारणीला हाक मारली, तवा खाली उतरव म्हणून. हवा निघेपर्यंत ती उठली नाही.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी बाबांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. "तीन नंबरचं नोझल जरा रडतंय. बाकी लई चांगलं हाय."

त्यांनीच मला चालवायला शिकवलं, गावाबाहेरच्या तळ्यात. तळं कोरडंच होतं, तळाची माती भेगाळून कडक झालेली. बाबा शेजारी बसायचे आणि गिअर चुकला की दिसत नसूनही त्यांना माझ्याआधी कळायचं.

गाडी कशासाठी, हे तोपर्यंत कुणी ठरवलं नव्हतं. ते माझ्या शाळेमुळे ठरलं. दुष्काळ म्हणून सुट्टीतही शाळेत दुपारचं जेवण शिजत होतं, पण माळावरच्या वस्तीतली मुलं खायला येत नव्हती. टँकर डोंगराच्या पायथ्याशी थांबायचा. वरची वाट दगडगोट्यांची आणि चढाची, टँकरवाला चाक घालायला तयार नव्हता. त्यामुळे वस्तीतली सगळी माणसं दिवसभर हंडे वाहायची, मुलंसुद्धा. मी बाबांना म्हणाले, आपण दोन टाक्या मागं टाकून वर नेऊ.

पहिल्याच चढावर मागची चाकं जागेवर फिरायला लागली. धुरळा उडाला, गाडी तसूभर हलली नाही. मी फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा ओढला. काही फरक नाही. उतरून खाली वाकले, तर इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडे नेणारा लोखंडी शाफ्टच नव्हता. इतके दिवस मी त्या गाडीखाली झोपून काम केलं होतं, पण तिथं काही असायला हवं हे मला ठाऊक नव्हतं.

"तो न्हाईच," बाबा शांतपणे म्हणाले.

"मग आधी सांगायचं नाही का?"

आम्ही टाक्या पायथ्याशीच रिकाम्या करून लोकांचे हंडे भरले आणि परत आलो. घरी आल्यावर मला ती हकिगत कळली, तीही आईकडून.

आधीच्या एका दुष्काळात कारखान्याच्या एका संचालकाने डिझेल वाचवायला म्हणून तो शाफ्ट काढायला सांगितला होता. बाबा म्हणाले, साहेब, डोंगराकडच्या रस्त्याला लागतो तो. संचालकाने दुसऱ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच्या शेतावर नेऊन टाकला. पुढच्या पावसाळ्यात गाडी ओढ्याच्या गाळात रुतली. रात्रभर तिथंच राहिली, इंजिनात पाणी गेलं. बाबांना निष्काळजीपणाचं पत्र मिळालं आणि तीन महिने कामावर घेतलं नाही. संचालकाने तोंड उघडलं नाही. बाबांनीही नंतर कुणापाशी विषय काढला नाही, आणि त्याच संचालकाला त्याच गाडीत आणखी नऊ वर्षं फिरवलं.

संचालक आता म्हातारे झाले होते आणि माळावरच्या त्याच वस्तीत राहत होते. मी बाबांना म्हणाले, चला, मागून आणू. ते म्हणाले, "मी त्याच्या दारात जाणार न्हाई. तुला जायचं तर जा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पायी चढून गेले. एकेकाळी ज्या घरापुढं दोन दोन गाड्या उभ्या असायच्या तिथं गोठा रिकामा होता. बैल चारा छावणीत, मुलं पुण्यात. संचालक आणि त्यांची बायको नुकतेच पाणी घेऊन चढून आले होते. ते ओट्यावर बसून धापा टाकत होते, हंडा अजून मांडीशी होता. मी कुणाची मुलगी ते सांगितलं आणि कशाला आले तेही. हंडा बाजूला ठेवून ते उठले, भुशाच्या खोलीत गेले आणि दाराआडून पोत्यात गुंडाळलेलं लांब काहीतरी ओढत आणलं. पोतं सोडलं. शाफ्टला जागोजाग जुनं ग्रीस थापलेलं होतं. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"तुझ्या बापाची चूक नव्हती," ते म्हणाले. "हे मी तवाच लिहून द्यायला पायजे होतं."

मला त्या माणसाचा राग आलेला होता, आणि तो त्या वाक्याने गेला नाही. मी म्हणाले, "काका, हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

मला वाटलं होतं ते येणार नाहीत. पण शाफ्टचं एक टोक त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं, दुसरं माझ्या, आणि आम्ही तसेच उतरलो. तीन ठिकाणी थांबलो.

बाबा अंगणात होते. पावलांवरून माझ्यासोबत कोण आहे हे त्यांनी ओळखलं असावं, कारण ते उठून उभे राहिले. साहेब आले की उभं राहायची सवय म्हणून. संचालकांनी शाफ्ट खाली ठेवला आणि माझ्यासमोर, आईसमोर, त्यांना जे म्हणायचं होतं ते म्हणाले. शब्द तेच होते, फक्त आवाज बारीक झाला होता.

बाबांनी खाली बसून शाफ्टवरून हात फिरवला. दोन्ही टोकांचे क्रॉस, म्हणजे फिरते सांधे, हलवून बघितले.

"बरं झालं ग्रीस लावून ठेवलं," ते म्हणाले. मग आईला चहा ठेवायला सांगितलं. संचालक आमच्या घरी पहिल्यांदाच चहा प्यायले. माफी दिली की नाही हे बाबांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

शाफ्ट बसवायला अर्धा दिवस गेला. एक क्रॉस नवीन टाकावा लागला, तो बीडहून मागवला. त्यानंतर गाडी भरल्या टाक्यांसकट चढ चढली. पहिला गिअर, छोटा दांडा ओढलेला, बैलाच्या चालीने, पण न थांबता. रोज तीन खेपा. संचालक पायथ्याशी टँकरपाशी उभे असायचे. बाबांनी पहिल्या दिवशी त्यांना पुढच्या सीटवर बसा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, टाक्या हालतात, धरायला कुणीतरी मागं पायजे, आणि मागच्या फळीवर चढून बसले. रोज तिथंच बसायचे. तिसऱ्या आठवड्यापासून मुलं शाळेत जेवायला यायला लागली, सगळी नाही, पण बरीचशी.

पावसाळ्यानंतर बाबांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते घरी आले ते थेट जीपपाशी. तोपर्यंत मी तिला ब्रशने रंग दिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. त्यांनी एक फेरी मारली, दाराच्या कडेवर आलेले रंगाचे ओघळ बोटाने चाचपले.

"हे कुणी केलं?"

"मी."

"घास ते परत," ते म्हणाले, आणि पॉलिश पेपर कुठं ठेवलाय ते विचारलं.