आई आणि मम्मीचं पान

शेवंतीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. काशीमीऱ्याच्या नाक्यावर टेंपोतून मासळी उतरायची आणि फ्लोरिन पाटी भरायची. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसऱ्याने उचलून ठेवावी लागते. ते काम शेवंतीचं. मग घरी येऊन पाणी, डबे, आरोहीच्या वेण्या, आणि आठला आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात हजर.

शेवंती महाडकडची. तान्ह्या आरोहीला घेऊन नवऱ्याच्या घरातून निघाली, ती परत गेली नाही. फ्लोरिन उत्तनची, ख्रिश्चन. दोघींनी एका खोलीत संसार मांडला होता, नवरा-बायको मांडतात तसा. चाळीला ते कळत होतं. शेवंती लपवत नसे, सांगत फिरतही नसे. पोरगी एकीला आई म्हणे, दुसरीला मम्मी.

मी कटिंग मशीनवर होतो, ती पानं उचलायची. लांब टेबलावर पानांचे गठ्ठे मांडलेले असतात. टेबलाभोवती चालत प्रत्येक गठ्ठ्यातलं एक पान घ्यायचं. फेरी संपली की एक पुस्तक. सोपं वाटतं. करून बघा. दुपारनंतर बोटं बधिर होतात आणि हातात एकदम दोन पानं येतात. शेवंतीच्या हातात येत नसत.

२००६ साली आमच्याकडे लहान मुलांचं जाड पानांचं पुस्तक बांधायला आलं. घरातल्या माणसांची चित्रं: एका पानावर आई, एकावर बाबा, मग आजी, आजोबा, बाळ. तेच पुस्तक आरोहीच्या बालवाडीत आलं. बाबांच्या पानावर बाईंनी विचारलं, "हे तुमच्या घरी कोण?" आरोही म्हणाली, "आमच्याकडे मम्मी." वर्ग हसला. तेव्हापासून पोरगी वर्गात तोंड उघडेना. बालवाडीच्या संजनाबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांनी शेवंतीला स्पष्ट सांगितलं, "बोलतच नाही तर पहिलीत कशी पाठवू? अजून एक वर्ष इथेच बसेल."

शेवंतीचं कामात लक्ष लागेना. त्याच आठवड्यात तिच्या हातून आईची दोन पानं उचलली गेली आणि बाबांचं राहिलं. पुस्तक बांधून झाल्यावर मला ते दिसलं. मी दाखवलं तशी ती स्वतःवरच चिडली. "हात मोडला काय माझा?" बिघडलेलं पुस्तक ज्याचं त्याने विकत घ्यायचं, असा नियम होता. तिने घेतलं.

घरी आरोहीने ते उघडलं आणि ओरडली, "हे आपलं!" मग दोन्ही पानं निरखून म्हणाली, "पण मम्मी अशी नाय. मम्मीच्या डोक्यावर पाटी असते."

"मंग!" फ्लोरिन म्हणाली. "दोनी पानावर तूच हाय, शेवंते. मी काय घरात भाड्यानं ऱ्हाते?"

त्याच मापाचं, कष्टकऱ्यांच्या चित्रांचं दुसरं पुस्तक कारखान्यात चालू होतं. त्यात मासे विकणारी बाई होती. शेवंती ते पान घेऊन कारखान्याच्या मालकाकडे, काशीनाथशेठकडे गेली.

"एका पानाचे कसले पैसे घेऊ?" शेठ म्हणाले.

"घ्या. उद्या कुणी चोरी म्हणायला नको."

जेवणाच्या सुट्टीत तिने पुस्तकाचं तारेचं स्पायरल उकललं, आईचं एक पान काढलं, मासळीवाली घातली आणि तार परत ओवली. उकललेली तार वाकडी होते, भोकं फाटतात. तिचं एकही फाटलं नाही. मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती पोरीबरोबर शाळेत गेली. बाईंनी पानं उलटली.

"बाबांचं पान गळलं का हो?"

"गळलं नाही, बाई. आमच्या घरी जी माणसं, ती सगळी आहेत त्यात."

बाईंनी मासळीवालीचं पान पुन्हा उघडलं. मग पुस्तक आरोहीच्या हातात देऊन म्हणाल्या, "दाखव सगळ्यांना." पोरगी उभी राहिली. पानावर बोट ठेवलं. "ही आई. ही मम्मी. मम्मी बोंबील विकते, पण मला तळून देते." या वेळी वर्ग हसला तो बोंबलाला, आणि आरोहीही हसली. निकेत नावाचा पोरगा मात्र रुसला. "बाई, आमच्याकडे आजोबा नाहीत. काका आहे. माझा काका कुठाय?" मग सगळी पोरं आपापली माणसं मागायला लागली.

शेवंतीने ते ऐकलं. कुणाच्या घरी कोण, हे बाईंकडून विचारून घेतलं. दिवाळीआधीच्या रविवारी तिने शेठकडून कारखान्याची किल्ली मागून घेतली. मशीनला तेल द्यायला मी गेलो होतो, म्हणून बघायला मिळालं. सगळ्या प्रती सारख्या निघाव्यात म्हणून आम्ही जन्मभर झिजलो. ही बाई टेबलाभोवती चालत होती आणि प्रत्येक फेरीला वेगळं पुस्तक काढत होती. एकात आजीच, आईबाप नाहीत. एकात बाबा आणि काका; काकाचं पान कष्टकऱ्यांच्या पुस्तकातलं. ती कुठेही थांबली नाही, मागे वळली नाही, एक पान चुकलं नाही. मी तेलाचा डबा हातात धरून उभाच राहिलो.

आरोही जूनमध्ये पहिलीत गेली. शेवंतीने त्या दिवाळीचा सगळा बोनस शेठकडे जमा केला होता, बालवाडीतल्या एकेका पोराच्या घरातल्या माणसांच्या पानांसाठी.