इंद्राणीचे केस

बेटावरच्या पेती राफ्रे गावात इंद्राणीइतके लांब केस दुसऱ्या कुणाचे नव्हते. उसात जाताना ती ते घट्ट गुंडाळून वर फडकं बांधायची. संध्याकाळी न्हाऊन अंगणात केस मोकळे सोडून बसली, की नवरा देवानंद सिगारेट ओढत शेजारी येऊन टेकायचा.

"केसांना धुराचा वास लागतो," ती कुरकुरायची. तो हसून आणखी जवळ सरकायचा.

साठ सालच्या वादळात तो गाय सोडायला गेला आणि गोठ्याचं छप्पर त्याच्या अंगावर आलं.

तेरावं झाल्यावर त्याचा कोट उन्हात घालताना खिशात सिगारेटचं अर्धं पाकीट सापडलं. इंद्राणीने चुलीच्या निखाऱ्यावर एक पेटवली. ठसका लागला, डोळे भरून आले. पण वेणी नाकाशी धरली आणि तो शेजारीच बसलाय असं वाटलं. ते पाकीट संपलं, तशी ती कोपऱ्यावरच्या चिनी दुकानदाराच्या लाबूटिकमधून दुसरं आणायला लागली. विधवा बाई सिगारेट ओढते म्हणून गावात कुजबूज झाली. तिने कान दिला नाही.

चारेक वर्षांत केसांची रया गेली. दर रविवारी तिला तेल लावायला येणारी नणंद कुंती फणीत आलेलं गुंतवळ मुठीत लपवायची. शेवटी तीच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरांनी बोटांवरचे पिवळे डाग पाहिले. "दुःखानेही केस जातात, बाई. पण वर तुम्ही तंबाखूची भर घातलीत. रक्तवाहिन्या आवळतात, मुळांना रक्त पोचत नाही. सिगारेट सोडा. गेलेले सगळे येतील असं सांगत नाही, उरलेले कदाचित राहतील."

परतताना बसमध्ये कुंती म्हणाली, "वहिनी, दादाला तुझे केस किती आवडायचे. त्याच्यासाठी तरी सोड."

"त्याच्यासाठीच ओढते गं. तो वास गेला तर माझ्याकडं त्याचं काय उरतं?"



तरी इंद्राणीने सिगारेट सोडली. हळूहळू केस गळायचे थांबले, कानांपाशी नवेही आले, पांढरे, मऊ. कुंती हरखली. एका रविवारी खोबरेल चोळताना वहिनी बोलेना, म्हणून तिने वाकून पाहिलं. इंद्राणी वेणीचं टोक नाकाशी धरून रडत होती.

"नुसतं तेल," ती म्हणाली. "नुसतं तेल येतंय गं."

पुन्हा तिने सिगारेट ओढली नाही. फक्त त्या लाबूटिकवरून जाणं टाळलं. मीठ संपलं, तरी कुंतीलाच आणायला सांगायची.