सत्तरच्या आतली निपाणी

स्वतःच्याच घरात बस चुकलेल्या प्रवाशासारखा उभा असलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल, तर अनगोळात आमच्या मामांकडे या. खुर्चीचा एवढा कमी उपयोग केलेला दुसरा माणूस साऱ्या बेळगावात सापडणार नाही, हे मी पुराव्यासह सांगू शकते. जेवताना मामा भातापर्यंत कसेबसे टिकतात आणि ताक उभ्यानं पितात. वर्तमानपत्र ते फाटकापासून मागच्या आडापर्यंत चालत वाचतात. अग्रलेख फाटकाशी सुरू झाला की आडाशी संपलाच पाहिजे, नाही संपला तर लिहिणारा पाल्हाळिक. कुणाच्याही लग्नात अक्षता पडायच्या आत ते दोनदा बाहेर जाऊन आपली गाडी जागेवर आहे ना, हे बघून येतात. मामी म्हणते, "आमच्या लग्नात बी गेलते. तवा तर गाडी बी नव्हती."

या अस्वस्थपणाला नोकरीही तशीच मिळाली. सगळी हयात मोजणी खात्यात गेली. बांधावरून भांडणारे भाऊ दोन बाजूंना आणि मधून साखळी धरून चालणारे मामा. चालायचे पैसे मिळतात आणि वर खरं बोलायचंही काम, असा दुहेरी आनंद त्यांनी भोगला. एकदा खानापूरकडे सख्ख्या साडूच्याच जमिनीची मोजणी निघाली. साडूनं आदल्या दिवशी घरी बोलावून कोंबडा कापला. मामांनी तो उभ्यानं खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी वीतभर जागा साडूच्या विरोधात काढली. साडू अजून त्यांच्याशी तिसऱ्या माणसातर्फे बोलतात. कडोलीच्या साहित्य संमेलनात मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मामा मांडवाच्या कडेनं फेऱ्या मारत होते. उतरल्यावर मी धापा टाकत विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "एकवीस मिनिटं. मुद्दा सतराव्याला आला."

मला याचा राग येत नसे, कारण मीही त्याच जातकुळीची. आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली, त्यामुळे उद्गारचिन्ह मला स्वल्पविरामाच्या आधी आलं. खरं ते सांगावं, मोठ्यानं सांगावं आणि एकदा सांगितलं की मागं घेऊ नये, एवढंच मला ठाऊक होतं. मामांचंही तेच होतं, फक्त ते आकड्यांत बोलत. आणि अशाच एका आकड्यानं त्यांचा घात केला.

मामांची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, निपाणीला असते. आम्ही सगळेच तिला आक्का म्हणतो. शाळेत बाई होती. यजमान गेल्यापासून एकटीच राहते. दर दिवाळीला ती माहेरी अनगोळला यायची आणि ती आहे तोपर्यंत मामांच्या फेऱ्या निम्म्यावर यायच्या. मग तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर सहज म्हणाले, "गाडीचा प्रवास जपून. दिवसाला सत्तर किलोमीटरपर्यंत ठीक, त्याच्या वर नको." आक्कानं खाटेवरूनच विचारलं, "आपलं घर किती पडतंय रं?"

खोलीत आम्ही पाचजण होतो. त्यातल्या चौघांनी "असंल की पासष्टभर" असं म्हटलं असतं. मामा म्हणाले, "चौऱ्याहत्तर पूर्णांक दोन. तुझ्या उंबऱ्यापासनं आपल्या फाटकापर्यंत."

"मग न्हाय जमायचं," आक्का म्हणाली.

झालं. डॉक्टर म्हणाले म्हणजे म्हणाले, असं मानणारी ही बाई. मामीनं मध्ये संकेश्वरला मुक्काम सुचवून पाहिला. "माहेरला जायाला लॉजवर ऱ्हाऊ व्हय?" म्हणून आक्कानं तो उडवून लावला. दोन दिवाळ्या मामाच निपाणीला गेले, ओवाळून घेतलं आणि परत आले. आक्काचं पितळेचं ताट मामी घासून पालथं ठेवत राहिली. आणि मामांच्या फेऱ्या एवढ्या वाढल्या, की फाटक ते आड अशी गवतात पायवाट पडली.

एके सकाळी मामा म्हणाले, "चल गं, चाकं बघून येऊ." त्यांची गाडी म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांपासूनची पांढरी, डिकीची, चारचौघांसारखी. तिला मोठी चाकं बसवायची म्हणे. खानापूर रोडवरच्या दुकानात भिंतभर अलॉयची चकचकीत चाकं टांगलेली होती आणि मामा त्यांच्यासमोरून कवायतीसारखे इकडून तिकडे चालत होते. दुकानदार भला माणूस. तो समजावून सांगत होता, "अण्णा, रिम मोठी घेतली की टायरची जाडी कमी घ्यायची. एकूण उंची हाय तेवढीच ऱ्हायली पायजे. न्हायतर मीटर चुकतंय."

"टायर जाडच पायजे. पाठीला दणके बसायचे न्हाईत. मीटर कसं चुकतंय?"

"कमी दाखवतंय. चाक एका फेरीत जास्त पुढं जातंय, मीटरला ते कळत न्हाय."

मामा थांबले. मामा थांबले, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. "किती कमी?"

"शंभराला चार."

मामांचे ओठ हलले. "पुरत न्हाय. अजून मोठं दाखवा."

"त्याच्यात शंभराला सहा जातील. पण पूर्ण वळवल्यावर आत घासंल, अण्णा."

"घासू दे."

गाडी घरी आली ती नऊवारी नेसलेल्या बाईनं फुटबॉलचे बूट घातल्यासारखी. मडगार्डची कड ठोकून आत वळवली होती, तरी वळताना खर्र असा आवाज येई. पूर्वी एका झटक्यात गल्लीत शिरणारी गाडी आता चारदा मागंपुढं करावी लागे, आणि "मामा वळाल्यात" अशी हाक गेली की माणसं करमणुकीसाठी कट्ट्यावर येऊन बसत. माझं तर डोकंच फिरलं. जन्मभर साधेपणानं राहिलेला माणूस उतारवयात बाजाराला भुलतो? मी त्याच संध्याकाळी त्यांच्या फाटकाला स्वहस्ते पत्रक चिकटवलं: 'चाकांची चैन! बाजाराला शरण गेलेल्या मामांना जाहीर सवाल!' मामांनी ते फाटकाशी उभं राहून दोनदा वाचलं. म्हणाले, "तारीख घातली न्हाईस. बिनतारखेचा कागद टिकत न्हाय, गं."

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे बसले असताना त्यांनी निपाणीला फोन लावला. हातात फोन, पायांत फेऱ्या. "आक्का, काल परत मोजलं. एकोणसत्तर पूर्णांक आठ." आणि वळता वळता म्हणाले, "आधीचं चुकलतं."

आधीचं चुकलतं! साडूचा कोंबडा खाऊनही जे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते, ते! फोन स्पीकरवर होता. मग आक्का म्हणाली, "मग येते की."

माझ्या डोक्यात एकदम सगळा हिशेब बसला आणि मी पेटले. "मामा, ही फसवणूक आहे!"

"खोटं मीटर बोलालंय. मी नुसतं वाचून दाखवलं." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या पत्रकांनी इतक्या वर्षांत एक दगड हललाय व्हय? माझ्या चाकानं निपाणी चार किलोमीटर अलीकडं आणली."

आक्काला आणायला मी हट्टानं बरोबर गेले. साक्षीदार हवा ना! निपाणीला तिच्या दारात मामांनी तिला पुढं बोलावून मीटर शून्यावर आणून दाखवलं. मग जे सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. हमरस्त्याच्या कडेला किलोमीटरचा दगड दिसायला लागला, की मामा उजवीकडे बोट करायचे. "आक्का, तो ऊस बघ." "आक्का, टेकडीवर नवं देऊळ बांधलंय." "आक्का, तिकडं मोर." मोर नव्हता. त्यांच्या सगळ्या आयुष्याची चुळबुळ त्या तासाभरात कामी आली. मी फोनमधला नकाशा उघडून बसले होते आणि खरा आकडा माझ्या जिभेवर निखाऱ्यासारखा होता.

संकेश्वरला चहाला थांबलो. मामा नेहमीप्रमाणे ग्लास घेऊन गाडीभोवती चालायला लागले, चाकांना हात लावून गरम झालीत का बघत. मी बाकावर आक्काशेजारी बसून म्हटलं, "आक्का, तुला एक सांगायचंय. ती चाकं आहेत ना..."

"चहा पी," आक्का म्हणाली.

"अगं पण, मीटर..."

"त्याला पाढे कुणी शिकवले? मी. दगडावरचं मला वाचता येत न्हाय व्हय? मोरबी दाखवला मला." ती चहाकडं बघत होती. "त्या दिवशी चौऱ्याहत्तर बोलून गेला, आणि त्याच्या तोंडाकडं बघवंना. पण मीबी न्हाय म्हणून बसलेले. मग कुणी मागं घ्यायचं? आम्ही दोघंबी तसलीच. आता तो गाडीची चाकं बदलून आलाय. तरी येऊ नको व्हय मी?"

मी फोन पर्समध्ये टाकला. घरी पोचलो तेव्हा मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकायच्या आधी मामांनी आक्काला मीटर दाखवलं. एकोणसत्तर पूर्णांक आठ. आक्कानं चष्मा लावून नीट बघितलं आणि मान हलवली. मग ती पडवीत बसली आणि मामा तिच्या शेजारी बसले. भात झाला, ताकही झालं, तरी बसलेलेच. मामी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. मी तेवढ्यात फाटकाशी जाऊन माझं पत्रक ओलं करून खरवडून काढलं. माझ्या हातानं मागं घेतलेलं ते पहिलंच.

याला आता बरेच दिवस झाले. आक्का येते, आठ दिवस राहते, जाते. पण टायर झिजतात. झिजलं की चाक तेवढंच लहान होतं आणि मीटर हळूहळू खऱ्याकडे सरकतं. मागच्या खेपेला गल्लीच्या तोंडाशीच आकडा सत्तराला टेकला. मामांनी तिथंच गाडी बंद केली आणि म्हणाले, "हवा लई छान सुटलीय. इथनं चालत जाऊया." वारा अजिबात नव्हता. आक्का म्हणाली, "व्हय, चालूया की." घर समोर दिसत होतं. तेवढ्या अंतराला त्यांनी दहा मिनिटं घेतली, आणि जन्मभर सगळ्यांच्या पुढं चालणारे मामा तिच्या मागं एक पाऊल होते.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. निपाणीहून बेळगावला येताना संकेश्वरला चहाला थांबलात आणि तिथं अंगापेक्षा मोठी चाकं लावलेली एक जुनी पांढरी गाडी दिसली, तर जरा थांबा. बाकावर बसलेली एक म्हातारी बाई तुम्हाला मोठ्यानं विचारेल, "बेळगाव अजून किती ऱ्हायलंय हो?" ती प्रत्येकाला विचारते. तेव्हा गाडीभोवती फिरणारा एक माणूस ग्लास हातात धरून जागच्या जागी उभा राहील. फोन काढू नका. दगडावर काय लिहिलंय ते आठवू नका. तुम्हाला ठाऊक असेल त्यातून चार वजा करा, आणि त्या माणसाला ऐकू जाईल असं सांगा.